जिथे दार उघडत नाही

आमच्या क्रॉसवर, म्हणजे गल्लीत, पहाटे साडेपाचला पहिली बादली ओतली जाते. समोरच्या अम्मा उंबऱ्यापासून सुरुवात करतात. पायऱ्या, फाटक, फाटकाबाहेरची फरशी, आणि मग थेट रस्त्याचा चार हात तुकडा खराट्याने खसाखसा झाडून, पाणी शिंपून त्यावर रांगोळी. रस्ता महापालिकेचा, रांगोळी अम्मांची. एवढ्या वर्षांत त्या चार हातांत कुणी केळीचं साल टाकलेलं मी पाहिलेलं नाही.

तिथून चाळीस पावलांवर कोपरा आहे. कोपऱ्यावरच्या घराची लांबलचक बाजूची भिंत, भिंतीला लागून विजेचा ट्रान्सफॉर्मर, आणि ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी ढीग. काळ्या पिशव्या, शहाळ्यांची टरफलं, फाटकी उशी, दुधाच्या पिशव्या, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा खोका. महापालिकेची पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार, अक्का रोज सकाळी तो उपसते, आणि दुपारी पुन्हा पहिली पिशवी येऊन पडते. बेंगळुरूत अशा जागेला ‘ब्लॅकस्पॉट’ म्हणतात.

हे मी बसवनगुडीबद्दल लिहितो आहे. बसवाची गुडी, म्हणजे नंदीचं देऊळ, बेंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडांनी सोळाव्या शतकात बांधलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगने शहर हादरलं, आणि दाटीतली माणसं मोकळ्या, हवेशीर जागी हलवावीत म्हणून देवळाभोवती ही वसाहत आखली गेली. सरळ रस्ते, रुंद आळ्या, झाडं. अस्वच्छतेच्या भीतीतून जन्मलेली ही पेठ आहे, आणि आज तिच्या कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग आहेत. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘लोकांना संस्कार नाहीत’ हे उत्तर मला रोज ऐकवलं जातं. मला ते पटत नाही. ज्या हाताने उंबरा धुतला जातो, त्याच हाताने पिशवी कोपऱ्यावर ठेवलेली मी पाहिली आहे. संस्कार त्या हाताला आहेतच, फक्त ते रांगोळीच्या शेवटच्या ठिपक्यापाशी थांबतात.

मग मी पंधरा दिवस पहाटे आणि रात्री गच्चीवर उभा राहिलो. कोण टाकतं ते बघायचं होतं.

पहिला, बेकरीत काम करणारा पोरगा. रात्री अकराला दुकान बंद करताना दिवसभराचे कागदी कप, अंड्यांची टरफलं, तेलकट कागद, सगळं एका गोणीत. मालकाने सांगितलं ‘टाकून ये’, तो टाकून आला. दुसरं, एक चारचाकी. काच खाली, हात बाहेर, पिशवी भिरकावली, गाडी पुढे. तिसरे, माझ्याहून वयाने मोठे एक गृहस्थ. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून आले आणि आधीच्या वळणावरच्या पिंपळाच्या कट्ट्यावर फुटक्या काचेची देवाची तसबीर टेकवून, हात जोडून गेले. त्यांच्या मनात कचरा हा शब्दही नव्हता. देवाची तसबीर कचऱ्याच्या गाडीत कशी द्यायची, या पेचातून त्यांनी स्वतःपुरती सुटका करून घेतली होती. त्या कट्ट्यावर आता पंधरावीस देव ओळीने ऊन-पाऊस खात बसले आहेत.

चौथा स्कूटरवर यायचा. सकाळी सहा, डोक्यावर हेल्मेट, हँडलला पिशवी. एके दिवशी मी खाली जाऊन त्याला कन्नडमध्ये हटकलं. तो फोनवर बोलत होता. गडबडून फोनमध्ये म्हणाला, “थांब गं आई, एक काका भांडायलेत.”

मराठी! मी विचारलं, “कुठला रे तू?”

“सोलापूरचा, काका.”

“सोलापुरात आईच्या दारासमोर टाकशील असं?”

“दारासमोर कोण टाकतंय काका? इथं सगळेच टाकायलेत म्हणून टाकलं. गाडी आठला येती, तवा मी नाइट करून झोपलेला असतो. तीन दिवस रूमवर ठेवलं तर वास मारतंय. घरमालक म्हणतोय गेटपाशी बकेट ठेवायची नाही. मग कुठं ठेवू सांगा तुम्ही?”

एका दमात त्याने सगळं सांगून टाकलं, आणि त्यातलं काहीही खोटं नव्हतं. माझ्या पंधरा दिवसांच्या पहाऱ्याने जे शिकवलं नाही, ते या पोराच्या चार वाक्यांनी शिकवलं.

‘सगळेच टाकायलेत.’ हे आधी घेऊ. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात संशोधकांनी एक साधा प्रयोग केला, तो २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. गल्लीत सायकली उभ्या. प्रत्येक सायकलच्या हँडलला एक जाहिरातीचा कागद अडकवलेला. जवळ कचराकुंडी नाही. भिंत स्वच्छ होती तेव्हा शंभरातल्या ३३ जणांनी कागद खाली टाकला. मग त्याच भिंतीवर रंगाचे फराटे ओढले, जिथे फराटे ओढायला मनाई असल्याची पाटी होती तिथेच. आता टाकणारे झाले ६९. गल्ली तीच, शहर तेच, शिक्षण आणि संस्कारही तेच. बदलली फक्त भिंत. खाली कचऱ्याचा कपटा नसताना नुसत्या खराब भिंतीने माणसं दुप्पट बेफिकीर केली. आमच्या कोपऱ्यावर तर भिंतही विटकी आणि पायाशी ढीगही. तिथे ‘इथे कचरा टाकू नये’ अशी पाटी आहे, तीही अर्धी ढिगाने झाकलेली. पाटी एक सांगते आणि ढीग दुसरं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ढिगाचंच म्हणणं खरं वाटतं.

पण ढीग नेमका तिथेच का सुरू होतो? मी आमच्या भागातल्या अकरा जागा पायी फिरून पाहिल्या. रिकामा प्लॉट, शाळेची मागची भिंत, उद्यानाचं कुंपण, ट्रान्सफॉर्मर, बंद पडलेलं घर, कोपऱ्यावरच्या इमारतीची बिनखिडक्यांची बाजू. या अकराही जागांकडे कुणाचंही दार उघडत नाही. जिथे दार आहे तिथे सडा आहे, रांगोळी आहे, ‘कोण रे तिकडे?’ विचारणारा आवाज आहे. पूर्वी बसवनगुडीत एकेका घराचा ओटा रस्त्याकडे तोंड करून असायचा. आता चार घरांच्या जागी एक इमारत, तिला एकच फाटक, त्यामागे गाड्या. चार दारं गेली आणि एक लांब मुकी भिंत आली, तिच्यापाशी टाकणाऱ्याला बघणारं कुणी उरलं नाही.

आपल्या गावाकडे उकिरडा असे. पण त्या उकिरड्याला मालक होता! हा पाटलांचा, तो कुंभारांचा, तो आमचा. शेण, राख, पालापाचोळा त्यात जायचा आणि पावसाळ्याआधी गाडी भरून शेतात. दुसऱ्याच्या उकिरड्यावरून पाटीभर खत उचललं तर भांडण व्हायचं. बारा वर्षांनी उकिरड्याचंही नशीब उघडतं, ही म्हण त्या उकिरड्याची. शहरातल्या या ढिगाचं नशीब कधी उघडणार? त्यात प्लॅस्टिक आहे, आणि त्याला धनी नाही. आपल्या हाताची सवय जुन्या काळची राहिली. पत्रावळ फेकली, गाईने खाल्ली. द्रोण फेकला, मातीत गेला. टाकण्याची क्रिया तीच चालू राहिली, टाकायची वस्तू मात्र बदलली.

हा बदल डोळ्यांनी पाहायचा तर कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी आमच्याकडे या. कडलेकाई परिषे, शेंगांची जत्रा. गोष्ट अशी सांगतात की इथल्या शेतातल्या भुईमुगाची रोज नासाडी व्हायची. शेतकऱ्यांनी बसवाला साकडं घातलं, पहिलं पीक तुला वाहू म्हणाले, आणि परिषे सुरू झाली. आजही शेतकरी पोती घेऊन येतात, बुल टेंपल रोडवर शेंगांचे ढीग लागतात, भाजलेल्या, उकडलेल्या, ओल्या. लोक खात खात चालतात आणि फोलपटं खाली टाकतात. पायाखाली फोलपटांचा गालिचा होतो. त्या फोलपटांचं मला काही वाटत नाही, ती मातीचीच आहेत. पण शेंगांसोबत पातळ पिशवी येते, चहाबरोबर प्लॅस्टिकचा कप येतो, आणि फोलपटांत मिसळला की तो निवडायचा कुणी? कर्नाटकात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी २०१६ पासून आहे. अलीकडे परिषेत कापडी पिशवी घेऊन या असं आवाहन केलं जातं, ते मला फार आवडलं, कारण ते नुसतं ‘टाकू नका’ म्हणत नाही, ‘काय आणा’ तेही सांगतं.

दसऱ्याच्या सुमाराची आयुधपूजाही अशीच. प्रत्येक दुकान, प्रत्येक रिक्षा, प्रत्येक गॅरेज. केळीचे खांब बांधतात, कोहळ्याला कुंकू भरून रस्त्याच्या मधोमध फोडतात. दृष्ट निघते. दुसऱ्या दिवशी त्या लाल चिखलावरून दुचाकी घसरतात, आणि सुकलेले केळीचे खांब आठ दिवस कोपऱ्यावर कुजतात. दुकानाची दृष्ट काढायची आणि वाटसरूचा पाय मोडायचा, यात पुण्य कुठलं? कोहळा फोडणाऱ्याने तो पाच मिनिटांत उचलला तर पूजा अपुरी राहते असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

आता सरकारकडे वळतो. कचऱ्याची गाडी घरोघर येऊ लागल्यावर रस्त्यावरच्या मोठ्या कुंड्या हळूहळू गेल्या. विचार बरोबर होता, कुंडीभोवती उकिरडा माजायचाच. पण गाडी एका ठरावीक वेळी येणार, आणि त्या वेळी घरात कुणीतरी जागं असणार, असं गृहीत धरलं गेलं. हे शहर चालतं कुणावर? रात्रपाळीवर, पीजीत राहणाऱ्या मुलामुलींवर, पहाटे घर सोडणाऱ्या मोलकरणींवर, टपरीवाल्यांवर. त्यांच्या दारात गाडी येते तेव्हा दाराला कुलूप असतं. माझ्यासारख्या दिवसभर घरी असणाऱ्याने स्वच्छतेचा अभिमान बाळगण्यात काय मोठेपणा? माझ्यासाठी गाडी दारात थांबते.

२०१२ साली या शहराने धडा घेतला होता. मावळ्ळिपुरा गावाने आमचा कचरा घ्यायला नकार दिला आणि बेंगळुरूचे रस्ते ढिगांनी भरले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ओला-सुका वेगळा करणं सक्तीचं झालं, ‘हसि कस, ओण कस’ हे शब्द घराघरात गेले. मग भार मंडूरवर पडला, तिथल्या गावकऱ्यांनी २०१४ मध्ये तेही बंद पाडलं. आम्ही ज्याला ‘शहराबाहेर’ म्हणत होतो, ते मंडूरच्या बायकांचं अंगण होतं. तिथेही रोज सकाळी सडा पडत असणारच.

आणि २०२५ च्या ऑक्टोबरअखेर एक वेगळंच घडलं. शहराच्या घनकचरा कंपनीने रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यांना कॅमेऱ्यात पकडलं, त्यांच्या घराचा माग काढला आणि कचरा नेऊन त्यांच्याच दारापुढे ओतला. ‘कचरा ओतण्याचा सण’ असं त्याला नाव दिलं, वर दंडही लावला. आमच्या क्रॉसवर त्या दिवशी सगळे खूश होते. मी नव्हतो. तीच पिशवी कोपऱ्यावर असताना कुणाला बोचत नाही आणि दारापुढे आली की नाक कापल्यासारखं वाटतं, हे त्या सणाने लख्ख दाखवलं, एवढं मान्य. पण दारापुढे ओतलेला ढीगसुद्धा शेवटी कुणाला तरी वाकूनच उचलावा लागतो. अक्काची पाठ एका ढिगासाठी दोनदा का वाकवायची? दंड हवा, जरूर हवा, आणि तो आधी चारचाकीवाल्याला आणि बेकरीच्या मालकाला हवा. सोलापूरच्या पोराला आधी बादली ठेवायला जागा द्या, मग दंड करा.

या शहरातच ‘द अग्ली इंडियन’ नावाचा निनावी नागरिकांचा गट २०१० पासून काम करतो. ‘काम चालू, मुँह बंद’ हे त्यांचं ब्रीद. नाव नाही, भाषण नाही. सकाळी जमायचं, ढीग उचलायचा, भिंत धुवायची, रंगवायची, भिंतीच्या खालच्या पट्ट्याला गेरूसारखा लाल रंग द्यायचा म्हणजे पानाची पिंक टाकण्याची जागाच उरत नाही, झाडांच्या कुंड्या ठेवायच्या आणि निघून जायचं. मला त्यात आपले गाडगेबाबा दिसतात. बाबा गावात शिरले की आधी खराटा. दिवसभर गाव झाडायचं आणि मग रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे. सकाळी झाडलेल्या रस्त्यावर बसून माणूस ते प्रश्न ऐकायचा, म्हणून ते लागायचे. आमच्याकडे रहिवाशांच्या बैठका होतात तिथे कीर्तन आधी असतं आणि खराटा येतच नाही.

आमच्या बुल टेंपल रोडवर गोखले सार्वजनिक विचार संस्था आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती १९४५ मध्ये स्थापन केली, त्यांनी कन्नडमध्ये गोखल्यांचं चरित्रही लिहिलं. कोतळूकच्या एका मराठी माणसाचं नाव इथे कन्नड माणसांनी इतक्या प्रेमाने जपलं आहे, हे बघून मी या पेठेत आलो तेव्हा हरखलो होतो. माणूस देवघरात जी शुचिता पाळतो ती सार्वजनिक कामात पाळायला हवी, ही गोखल्यांची तळमळ होती. त्या रस्त्यावरून जाताना मला नेहमी वाटतं, सार्वजनिक काम म्हणजे कायदेमंडळातलं भाषण एवढंच आपण धरून बसलो. ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी असलेली सहा फूट जमीन हेही सार्वजनिक काम आहे.

त्या सहा फुटांसाठी आम्ही काय केलं ते सांगतो. एका रविवारी सहा जण, हातमोजे, फावडी, दोन घमेली. अक्कालाही विचारलं, काय केलं तर टिकेल? तिच्याइतकं त्या ढिगाबद्दल कुणाला माहीत आहे? ती म्हणाली, रात्रीचं बघा, सकाळचं मी बघते. आणि उजेड लावा. ढीग उचलला, भिंत रंगवली, दिवा दुरुस्त करून घ्यायला महापालिकेकडे सात खेपा घातल्या. मग पुढच्या रस्त्यावर पावसात भिजत उभा असणाऱ्या इस्त्रीवाल्याला विनंती केली की गाडी या कोपऱ्यावर लाव. वर पत्रा आम्ही दिला. तो सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत तिथे असतो. कपडे पांढरे ठेवायचे तर भोवताल स्वच्छ ठेवावा लागतो, हे त्याला सांगायची गरज पडली नाही. त्या मुक्या भिंतीला अशी एक जागती नजर मिळाली.

दुसरं काम जास्त अवघड गेलं. क्रॉसवरच्या घरमालकांना फाटकाच्या आत, जिन्याखाली, भाडेकरूंसाठी दोन झाकणाच्या बादल्या ठेवायला सांगायच्या होत्या. पहिल्या दिवशी पाचांनी नाही म्हटलं. ‘वास येईल, सर.’ मी म्हटलं, कोपऱ्यावर येतोच आहे. भाडं पूर्ण घेता तर भाडेकरूच्या कचऱ्याला तुमच्या दारात जागा नाही, हे कसं? तिघे आता तयार झालेत. सकाळी आठला गाडी आली की घरमालकाची बाई आपल्या बादल्यांबरोबर त्याही पुढे करते. बेकरीच्या मालकाशी दोनदा कडाक्याचं भांडण झालं, तो अजून बोलत नाही, पण गोणी यायची थांबली. पिंपळाच्या कट्ट्यावरच्या तसबिरींचं काय करायचं ते अम्मांनी सोडवलं. त्यांनी काचा आणि चौकटी वेगळ्या केल्या, कागदावरचे देव पाण्यात भिजवून लगदा केला आणि तो स्वतःच्या परसातल्या तुळशीच्या मुळाशी घातला. गंधवाले गृहस्थ शेजारी उभे राहून बघत होते. पुढची तसबीर त्यांनी अम्मांच्या हातात दिली.

ढीग दोनदा परत आला. एकदा दिवा गेला तेव्हा, आणि एकदा आयुधपूजेला, इस्त्रीवाला गावी गेला होता त्या चार दिवसांत. दोन्ही वेळा त्याच दिवशी उचलला. पहिली पिशवी दुपारपर्यंत राहिली तर रात्रीपर्यंत दहा होतात, म्हणून पहिलीच उचलायची. इतकं साधं आहे, आणि रोजचं आहे.

सोलापूरचा पोरगा गेल्या महिन्यात व्हाइटफील्डला गेला. जाताना दोन्ही बादल्या घासून उपड्या घालून गेला. त्याच्या खोलीत परवा नवा मुलगा आला आहे, तोही रात्रपाळीचा. काल सकाळी कोपऱ्यावर एक पिशवी होती, गाठ मारलेली, नेटकी. इस्त्रीवाल्याने बोटाने वरची खोली दाखवली. उद्या सहाला तो कामावरून परत येईल, तेव्हा मी फाटकाशी चहा घेऊन उभा राहणार आहे. जिन्याखालच्या बादल्या त्याला अजून कुणी दाखवलेल्या नाहीत.